बाजारचौकापासून झाडापर्यंत

इंग्लंडातल्या एका बाजारगावातला एक रस्ता मला तोंडपाठ आहे. त्या गावात मी वयाच्या सहाव्या वर्षापर्यंत होते. त्या वयात माणसाला आपले बूट कुठे काढले हेही सांगता येत नाही, पण हा रस्ता मी आजही डोळे मिटून सांगेन, कारण तो मी आईच्या तोंडून शिकले, आणि तोही पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाला, डार्विन शहरात, लाकडी खांबांवर उभ्या असलेल्या आमच्या घरात. बाजारचौकातल्या दगडी क्रॉसपासून निघायचं. क्रॉसला पाठ करून उभं राहिलं की समोर धान्यबाजाराची इमारत आणि तिच्या कपाळावर नेहमी मागे चालणारं घड्याळ. मग उजवीकडे लोण्याचा बाजार, म्हणजे नुसते खांब आणि वर छप्पर, जिथे पूर्वी खेड्यांतल्या बायका लोणी-अंडी घेऊन बसायच्या. मग हंसाची पाटी लावलेली खानावळ, जिच्या कमानीतून एके काळी घोडागाड्या आत जात. मग निराधार म्हाताऱ्यांसाठी कुणा श्रीमंताने बांधून दिलेली बुटक्या दारांची घरं, एकाला एक चिकटलेली. मग उतार, मग नदी, आणि नदीवरचा दगडी पूल, इतका अरुंद की समोरून कुणी आलं तर एकाने अंग चोरून उभं राहायचं. पूल ओलांडला की डावीकडे वळून पाण्याच्या कडेकडेने चर्चची भिंत लागेपर्यंत चालायचं. भिंतीच्या बाहेरच्या अंगाला यू नावाचं एक झाड, काळपट हिरवं, पसरलेलं, खूप म्हातारं. त्या झाडाखाली माझा भाऊ होता.

भाऊ म्हणजे कधी न रडलेला, नाव न ठेवलेला. मी चार वर्षांची असताना तो पोटातच गेला होता, आणि आईच्या तोंडी त्याचं नाव कायम ‘आपलं बाळ’ एवढंच राहिलं. आमच्यात इतक्या लहान बाळाला अग्नी देत नाहीत, पुरतात. त्यावर ना दगड, ना नाव. आणि बायका तिकडे जात नाहीत. त्यामुळे आई हॉस्पिटलच्या खाटेवर पडून राहिली आणि जे काय करायचं ते बाबांनी एकट्याने केलं. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, ‘कुठे ठेवलंत?’ तेव्हा बाबांनी तिला हा रस्ता सांगितला. इथले पाद्रीबाबा भले आहेत, म्हणाले, त्यांनी भिंतीबाहेरची जागा दिली. पुढे आई हिंडूफिरू लागल्यावर एकदा बाबांनी तिला नेऊन ते झाड दाखवलं, आणि त्यानंतर दर गुरुवारी ती मला हाताला धरून तिथे जायची. मला त्यातलं आठवतं ते इतकंच, की पुलावर माझे बूट टकटक वाजायचे आणि झाडाखाली आई बोलायची नाही.

गुरुवारच का, तर गुरुवार हा गावचा बाजाराचा दिवस, आणि आईचा दत्ताचा उपास. या दोन गोष्टी एकाच वारी याव्यात यात तिला काहीतरी खूण दिसली होती. लंडन तिला कधी आवडलं नाही. ‘नुसती ढकलाढकल,’ म्हणायची. पण हे गाव तिने पहिल्याच आठवड्यात आपलं मानलं, कारण ती फलटणची, आठवडी बाजारात वाढलेली. गाव वेगळं, माणसं वेगळी, पण लोखंडी कठड्यांत कोंडलेल्या मेंढ्यांचं ओरडणं, भाव पाडण्यासाठी उगाच चालू लागणारं गिऱ्हाईक, आणि दुपारी बाजार उठल्यावर चौकात उरलेली कोबीची पानं, हे सगळं तिच्या ओळखीचं होतं. भोवतीचं सगळंही ती वर्णन करून सांगायची. गावाबाहेर हिरव्या टेकड्या, शेतांच्या मध्ये काटेरी झुडपांची कुंपणं, थंडीत नदी पसरून दोन्ही तीरांची कुरणं पाण्याखाली जायची, आणि जुन्या किल्ल्याचा नुसता मातीचा उंचवटा उरला होता, त्यावरून मुलं गडगडत खाली यायची. मीही गडगडले म्हणे, नवा कोट घालून. तिथलं सगळं जुनं होतं आणि कुणाला त्याचं फारसं कौतुक नव्हतं, हे तिला फार आवडायचं.

मग बाबांना डार्विनच्या हॉस्पिटलात नोकरी मिळाली. दोन वर्षांसाठी जाऊ, मग बघू, असं ठरलं. परदेशी गेलेल्या प्रत्येक मराठी घरात असं एक ‘मग बघू’ असतंच, आणि ते कुणी कधी बघत नाही. डार्विनला घर खांबांवर, खाली गाडी आणि कपडे वाळत घालायच्या दोऱ्या, वर काचेच्या पट्ट्यांच्या खिडक्या, ज्या कधी पूर्ण मिटायच्या नाहीत. पाली इतक्या मोठ्याने चुकचुकायच्या की मुंबईहून आलेले पाहुणे दचकून उठत. नळ सोडला की हिरवा बेडूक. अंगणात मागच्या भाडेकरूने लावलेला चाफा, आणि आईने कुणाकडून तरी रोप आणून लावलेला कढीपत्ता, जो त्या हवेत असा माजला की आम्ही सगळ्या ओळखीच्यांना पिशव्या भरभरून द्यायचो. आंबे इतके, की रात्रभर पत्र्यावर धपाधप पडत. आईने त्यांचा गुळांबा केला, आणि इंग्लंडात शिकलेले स्कोन, म्हणजे जाडसर गोल बिस्किटं, भाजून त्यांना तो लावून दिला. शेजारची मॉरीन, हॉस्पिटलच्या लाँड्रीत काम करणारी, मोठ्या हाडापेराची आणि मोठ्या आवाजाची बाई, ते स्कोन खाऊन, शैलाची शायला करून म्हणाली, ‘शायला, लव्ह, धिस इज द बेस्ट जॅम इन द टेरिटरी.’ टेरिटरी म्हणजे आमचा तो सबंध प्रांत. आईला तिचं बोलणं निम्मं कळायचं नाही, पण त्या दोघींचं फार जमायचं. डार्विनला उन्हाळ्या-हिवाळ्याऐवजी नुसते ‘वेट’ आणि ‘ड्राय’ असतात, आणि ड्रायमध्ये समुद्रकाठी गुरुवारी संध्याकाळी बाजार भरू लागला तेव्हा आई हरखून गेली. पहिल्याच गुरुवारी आम्ही गेलो. ती थाई बायकांच्या शेगड्यांमधून, शिंपल्यांच्या माळांमधून नुसती फिरली, काही घेतलं नाही. परतताना गाडीत म्हणाली, ‘मेंढ्या नव्हत्या हो.’ बाबा हसले. ती हसली नाही.

बाबा भूल देणारे डॉक्टर. त्यांची कामाची एक पद्धत होती, ती इथे सांगायलाच हवी. सुई टोचली की बाकीचे डॉक्टर पेशंटला उलटे आकडे मोजायला लावतात. बाबा विचारायचे, ‘लहानपणी घरून शाळेत कसे जायचात? रस्ता सांगा पाहू.’ मग तो माणूस सांगू लागायचा, फाटकातून बाहेर, डावीकडे, मग एक दुकान, मग कुत्रं. ‘शाळेत पोचलेला पेशंट मी अजून पाहिला नाही,’ असं बाबा जेवताना सांगायचे. खाणीवर काम करणारे आडदांड गडी, बेटांवरून विमानाने आणलेल्या बायका, सैन्यातली पोरं, सगळे कुठल्या ना कुठल्या वळणावर झोपी जायचे. भीती गेलेली असायची. बाबांना या पद्धतीचा अभिमान होता. मला वाटायचं की ही त्यांनी कुठल्यातरी वरिष्ठांकडून उचलली असावी. ती कुठून आली हे मला पुष्कळ नंतर समजलं.

गुरुवारी आई उपासाची खिचडी करायची. साबुदाणा चिनी दुकानात मिळायचा, तो भिजवला की कधी कधी लापशीच व्हायची. खाऊन झालं की ती मागच्या जिन्याच्या पायरीवर बसायची आणि मला म्हणायची, ‘चल, जाऊन येऊ.’ म्हणजे रस्ता म्हणायचा. ती एक टप्पा सांगायची, मी पुढचा. चुकलं की पुन्हा क्रॉसपासून. लहान होते तोवर मला हा खेळ वाटायचा. तेरा-चौदाची झाल्यावर मी कुरकुर करू लागले, ‘आई, नॉट अगेन!’ त्यावर ती शांतपणे म्हणायची, ‘तुला रस्ता आला पाहिजे, मिनू. मी नसले तर त्याच्याकडे कोण जाणार?’ आम्ही पुलाच्या आसपास आलो की बाबा उठायचे. गाडीचं ऑइल बघतो म्हणून खाली जायचे. त्या गाडीचं ऑइल जितक्या वेळा पाहिलं गेलं तितकं डार्विनमधल्या कुठल्याही गाडीचं पाहिलं गेलं नसेल. मी समजायचे की त्यांना दुःख सहन होत नाही, आणि मला त्यांची माया यायची.

माझ्या अकरावीच्या वर्षी, वेट सुरू व्हायच्या आधीची जी घुसमट असते, आकाश भरलेलं आणि थेंब नाही, त्या दिवसांत आईचं पोट फुगू लागलं. ती म्हणाली, वय झालं. बाबांनी एकदा हात लावून पाहिलं आणि ते हात धुवायला गेले. किती तरी वेळ नळ वाहत होता. विमानाने अॅडलेडच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं, तिथे पोट उघडलं, पाहिलं आणि पुन्हा शिवलं. भूल देणाऱ्याला बाबांनी आपली पद्धत सांगून ठेवली होती. आई नंतर मला म्हणाली, ‘मला विचारलं त्यांनी शाळेचा रस्ता. मी कशाला शाळेचा सांगतेय? मी आपला आपलाच सांगितला.’ कुठपर्यंत गेलीस, मी विचारलं. ‘हंसापर्यंत,’ ती म्हणाली.

घरात डॉक्टर असला की बाहेरच्यांना वाटतं, यांना काय काळजी. खरं उलटं असतं. बाकीच्या घरांतून निदान कुणीतरी म्हणतं, बघू, देव आहे, औषध लागू पडेल. आमच्याकडे बाबांना सगळं आधीच ठाऊक होतं. पुढच्या आठवड्यात काय होणार, त्याच्या पुढच्यात काय. ते दुखण्यावरच्या औषधाचे डोस बरोबर द्यायचे, उशा बरोबर लावायचे, आणि त्यापलीकडे त्यांच्या हातात काही नव्हतं. मी शाळेतून येऊन वरणभात करायचे. मॉरीन काचेच्या भांड्यात काहीतरी भाजलेलं घेऊन यायची, जिन्यात ठेवायची आणि ‘नो वरीज’ म्हणून डोळे पुसत खाली जायची. आम्हाला ते खाणं जायचं नाही, आणि टाकवायचंही नाही. फ्रिज भरत चालला होता.

एका दुपारी आईला जरा हुशारी वाटली. तिने आम्हा दोघांना खाटेजवळ बसवलं. पंखा गरगरत होता. ती म्हणाली, ‘मला गंगेत बिंगेत सोडू नका. फलटणलाही नको. तिथे माझं कोण उरलंय आता? मला बाळाजवळ ठेवा. जेवढी राख मावेल तेवढी. झाडाच्या मुळाशी.’

‘शैला, आत्ता कशाला हे,’ बाबा म्हणाले.

‘आत्ता नाही तर कधी? तुम्ही त्याला एकट्याने नेलंत. मी काही करू शकले नाही तेव्हा. नंतरही त्याला तिथेच टाकून आले इतक्या लांब. आता तरी जाऊ दे मला.’ मग माझ्याकडे बघून, ‘मिनूला रस्ता पाठ आहे.’

‘हो,’ बाबा म्हणाले. लगेच म्हणाले. आईने डोळे मिटले आणि तिच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसलं ते त्या सगळ्या महिन्यांत मी पाहिलं नव्हतं. मला तर वाटलं की चला, निदान एक गोष्ट आपल्याला तिच्यासाठी करता येईल.

दुसऱ्या दिवशी बाबा मला न्यायला शाळेत आले. एरवी मी बसने यायचे. दुपारचे तीन वाजले असतील, पण आकाश असं काळं झालं होतं की दिवे लागले होते. घराकडे वळायच्या ऐवजी त्यांनी गाडी समुद्राच्या कडेने नेली आणि एका झाडाखाली थांबवली. पाऊस आला. काचेतून काही दिसेना. वायपर चालूच होते.

‘मिनू, तिथे कुणी नाहीये,’ बाबा म्हणाले.

‘कुठे?’

‘झाडाखाली.’

मला कळलं नाही. ‘व्हॉट डू यू मीन?’

मग त्यांनी सांगितलं. समोर बघत, पेशंटच्या नातेवाइकांशी बोलावं तशा सपाट आवाजात. त्या काळी तिकडे तशीच रीत होती. असं बाळ आईला दाखवतही नसत. सिस्टरने कापडात गुंडाळून नेलं आणि बाबांना म्हणाली, यू लीव्ह इट विथ अस, डॉक्टर, आम्ही सगळं करू. बाबा तेव्हा नवीन, ज्युनिअर, आणि त्या हॉस्पिटलातले एकटेच सावळे. थँक यू म्हणाले. ते बाळ कुठे जातं, कुणाबरोबर पुरतात, गावात की दुसऱ्या गावात, हे त्यांनी विचारलं नाही. विचारायचं असतं हेच सुचलं नाही. मग घरी जायला निघाले, पण घरी गेलेच नाहीत, चौकातून उतार उतरून पुलावरून तसेच चालत राहिले आणि त्या झाडाखाली बसले, कारण तिथे वारा लागत नव्हता. अंधार पडेपर्यंत बसले. तिसऱ्या दिवशी आईने विचारलं, कुठे ठेवलंत, तेव्हा तोंडात तोच रस्ता आला.

‘एक-दोन दिवसांनी खरं सांगेन म्हटलं होतं,’ ते म्हणाले. ‘पण रस्ता सांगता सांगता ती शांत झाली गं. झोपली. तीन दिवसांत पहिल्यांदा झोपली.’

मला त्यांची शाळेच्या रस्त्याची पद्धत आठवली. ती या रस्त्यातून आली होती. गाडीत वाफ धरली होती. मला त्यांचा राग आला की नाही, हे मला या वयातही नीट सांगता येत नाही. मला आईची दया आली एवढं मात्र खरं. दर गुरुवारी, मला हाताला धरून, पावसात, बर्फात.

‘सांगू का तिला?’ बाबांनी विचारलं.

सोळा वर्षांच्या मुलीला ते विचारत होते. चाळिशी ओलांडलेला, रोज दहा माणसांना झोपवून पुन्हा जागं करणारा माणूस. मी म्हटलं, ‘मला नाही माहीत, बाबा.’ आणि खरोखरच नव्हतं. सांगितलं तर तिच्याकडे जे एकच होतं ते जाणार होतं. न सांगितलं तर ती जिथे कुणी नाही तिथे जाणार होती, आणि तिला तिथे नेऊन ठेवणारे आम्हीच असणार होतो. बाबांनी गाडी सुरू केली.

घरी आल्यावर ते सरळ तिच्या खोलीत गेले. मी दारातच उभी राहिले. ते खाटेवर टेकले, तिचा हात हातात घेतला आणि म्हणाले, ‘शैला, ते झाड आहे ना...’

आई चटकन जागी झाली. ‘का हो? झाड पाडलं नसेल ना कुणी?’

तिच्या डोळ्यांत इतकी भीती होती की मीच पुढे झाले. पण बाबा माझ्याआधी बोलले. ‘छे गं. यूची झाडं हजार हजार वर्षं जगतात. असणारच तिथे.’

‘मग ठीक आहे,’ आई म्हणाली.

त्यानंतर बाबांनी पुन्हा प्रयत्न केला नाही. रस्ता म्हणायचं काम माझ्याकडे आलं. गुरुवार राहिला नव्हता, रोजच. औषधाने तिची जीभ जड झाली होती, ती आपला टप्पा सांगू शकायची नाही, म्हणून मी दोन्ही बाजूंचं बोलायचे. क्रॉसला पाठ कर. समोर घड्याळ. एकदा मी लोण्याचा बाजार विसरून एकदम हंसावर गेले तर तिने बोट हलवलं. मागे आले, लोण्याचा बाजार घेतला, मग पुढे. मला सगळं ठाऊक असताना ते बोलणं फार अवघड होतं. उतारावर आलं की माझा आवाज बदलायचा आणि मी खोकल्याचं निमित्त करायचे. पण पूल यायच्या आत ती बहुतेक वेळा झोपलेली असायची, आणि मला झाडापर्यंत जावं लागायचं नाही. खाली गाडीचं बॉनेट उघडल्याचा आवाज यायचा.

ती गेली ती मात्र त्या रस्त्यात नाही. एका सकाळी, मी शाळेसाठी केस विंचरत असताना, बाबा तिचा चहा गाळत असताना. चहा तसाच राहिला. संध्याकाळी मॉरीनने तो ओतून कप धुतला.

ड्राय सुरू झाल्यावर आम्ही दोघं इंग्लंडला गेलो. बाबांनी आधी त्या हॉस्पिटलात जाऊन चौकशी केली. खिडकीपलीकडची बाई फार सौजन्याने म्हणाली, ‘आय अॅम सो सॉरी, डॉक्टर,’ आणि खरंच तिला वाईट वाटलेलं दिसत होतं. आता इतक्या वर्षांनी कुणाला काही सांगता येण्यासारखं नव्हतं. मग गुरुवारची वाट पाहून आम्ही चौकात गेलो. सगळं तिथे होतं. क्रॉस मला वाटलं होतं त्यापेक्षा बुटका होता. धान्यबाजारात आता गालिचे विकायला ठेवले होते. घड्याळ बरोबर चालत होतं, कुणीतरी दुरुस्त केलं असावं, आणि मला त्याचा विलक्षण राग आला. मेंढ्या नव्हत्या, मोजे आणि प्लास्टिकच्या बादल्या होत्या. म्हाताऱ्यांच्या घरांपैकी एका दारात एक आजी ऊन खात बसल्या होत्या, त्या आम्हाला ‘लव्हली डे’ म्हणाल्या. मी पुढे चालत होते आणि बाबा मागे. रस्ता त्यांनी तयार केला होता, पण तो मला जास्त येत होता.

झाड होतं. आईने सांगितलं होतं तसंच, भिंतीला टेकलेलं. बाबांनी पिशवीतून उलथनं काढलं. थालीपीठ उलटायचं, आईचं, मुठीपाशी जळलेलं. डार्विनहून निघताना हे त्यांनी कधी भरलं ते मला ठाऊक नव्हतं. त्यांनी मुळांच्या मधे त्याने उकरलं. माती ओली होती, सोपं गेलं. राख ठेवली, वर माती सारखी केली. मंत्र येत नव्हते. मी विचारलं, काही म्हणू या का? ते म्हणाले, ‘तू रस्ता म्हण.’ पण आम्ही तर पोचलो होतो. मी माती हाताने पुन्हा एकदा दाबली आणि आम्ही निघालो. परतताना पुलाच्या मध्यावर बाबा थांबले. समोरून एक बाई मुलाची ढकलगाडी घेऊन येत होती, तिच्यासाठी त्यांनी अंग चोरलं. ती गेल्यावर म्हणाले, ‘आता तिथे खरंच कुणीतरी आहे.’ आणि दोन पावलं टाकून, ‘एकटी आहे पण.’ मग ते रडले. मी त्यांना रडताना पाहिलं ते तेवढंच. मी त्यांच्या कोपराला धरून उभी राहिले, दुसरं काय करणार होते.

हे मी डार्विनपासून फार लांब, पॉइंट कुक या नव्या उपनगरातल्या घरात बसून लिहितेय. पलीकडच्या खोलीत बाबा आहेत, ऐंशी ओलांडलेले, कानाला यंत्र, मांडीवर शाल. मी स्वतः पन्नाशी ओलांडली आहे. खिडकीतून आमच्या वसाहतीतलं खोदून केलेलं तळं दिसतं, सगळी घरं एकाच वयाची, दहा-पंधरा वर्षांपलीकडचं काही नाही. बाबांना तळ्यातली बदकं आवडतात. आजकाल गुरुवार कुठला ते त्यांना सांगावं लागतं, आणि सांगितलं की ते म्हणतात, ‘चल, जाऊन येऊ.’ मग मी रस्ता म्हणते. ते मधे मधे चुका काढतात, अगदी आईसारखं. गेल्या वर्षी त्यांनी मला बसवून सांगितलं, ‘मला तिच्या शेजारी ठेव. म्हणजे त्या झाडाखाली निदान कुणीतरी कुणाच्या तरी शेजारी असेल.’ मी हो म्हटलं. लगेच म्हटलं.

मागच्या महिन्यात माझी लेक ईरा क्लेटनच्या विद्यापीठातून सुट्टीला घरी आली होती. तिला हे सगळं मी अर्धवट सांगितलेलं. ती सोफ्यावर पाय घेऊन बसली आणि फोनवर ते गाव काढलं. आजकाल तर बोटाने सरकवत सबंध रस्ता चालून जाता येतो. क्रॉस, घड्याळ, लोण्याचा बाजार, हंस. मी तिच्या खांद्यावरून बघत होते, आणि पुढचा टप्पा यायच्या आधीच तिला सांगत होते. पूल आला. तिने डावीकडे वळवलं. पाण्याच्या कडेला लांबच लांब काँक्रीटची भिंत होती, पुराचं पाणी गावात शिरू नये म्हणून बांधलेली, आणि तिच्या आत गाड्या लावायला डांबरी जागा.

‘आई, धिस इज इट, राइट?’ ईरा म्हणाली. ‘बट देअर्स नो ट्री.’

तिने पुढे नेलं, मागे आणलं, चर्चला वळसा घातला. कळस होता. झाड कुठेच नव्हतं. मी तिला फोन बंद करायला सांगितलं. ‘आजोबांना टेल करायचं का?’ तिने हळूच विचारलं. त्या डांबराखाली आई कुठे असेल, की माती उचलून नेली तेव्हा तीही गेली, आणि नेली तर कुठे टाकली, हे विचारायला मी कुणाकडे जाऊ? पुन्हा तीच तऱ्हा.

काल गुरुवार होता. मी बाबांची शाल सारखी केली, शेजारी खुर्ची ओढली आणि क्रॉसपासून निघाले. लोण्याच्या बाजारापाशी ते डुलकी घेतायत असं वाटलं, पण पूल ओलांडून मी डावीकडे वळले आणि त्यांनी डोळे उघडले.

‘झाड आहे ना गं अजून?’

‘आहे ना बाबा,’ मी म्हटलं. ‘यूची झाडं हजार हजार वर्षं जगतात.’

‘मग ठीक आहे,’ ते म्हणाले, आणि झोपले.